सोडताना सोबत काय येईल?

फोन घ्यायला दुकानात गेल्यावर आपण काय विचारतो? कॅमेरा कसा आहे, जीबी किती, बॅटरी दिवसभर पुरते का, हप्ता किती बसेल. शाळेसाठी ॲप घेताना विचारतात, वर्षाचे पैसे किती? जमातीचा हिशेब संगणकावर चढवायचा ठरला की विश्वस्त विचारतात, शिकायला सोपं आहे का? हे सगळे प्रश्न घ्यायच्या वेळचे आहेत. सोडायच्या वेळचा प्रश्न कुणीच विचारत नाही. हा फोन, हे ॲप, हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं किंवा आपणच बदलायचं ठरवलं, तर आपलं लिहिलेलं, मोजलेलं, बोललेलं आपल्यासोबत येईल का?

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ईदला गावी आला की अर्धा मोहल्ला फोन घेऊन त्याच्यापुढे बसतो. एकदा मी त्याला विचारलं, तुम्ही कंपनीत नवीन काही घेताना काय बघता? तो म्हणाला, "मामू, वैशिष्ट्यं सगळेच विकणारे सांगतात. आमच्या बैठकीत अनुभवी माणूस असतो ना, तो एकच विचारतो. उद्या हे सोडायचं झालं तर डेटा कुठल्या रूपात बाहेर निघणार?" या अडकण्याला आयटीवाल्यांचा शब्द आहे, लॉक-इन. लाखो रुपयांचे करार ते या एका प्रश्नावर नाकारतात. हीच मंडळी घरी आली की मात्र आईचा फोन घेताना कॅमेराच बघतात, हेही तो हसत कबूल करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न कंपनीच्या बैठकीतून आपल्या घरात, शाळेत आणि जमातीच्या कचेरीत यायला हवा. आपल्यासाठी तर तो जास्तच निकडीचा आहे. आपण मराठीत शिकतो, उर्दूत वाचतो, घरी कोकणी बोली बोलतो आणि घरातलं एक तरी माणूस समुद्रापलीकडे असतं. बाजाराचं लक्ष मोठ्या भाषांकडे असतं. ज्यांची भाषा बाजारासाठी लहान, त्यांचं लिहिलेलं आधी हरवतं. हे भविष्य नाही. एकदा घडून गेलेलं आहे.

आपल्या दोन लिप्यांचं काय झालं

नस्तालीक लिहायला देखणं आणि यंत्राला अवघड. त्यात अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता तिरका खाली उतरतो. शिशाच्या खिळ्यांनी आणि टाइपरायटरने ते कधी नीट जमलं नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी दशकं कातिबांच्या हातांनी लिहून मग छापली जात. चेन्नईचं 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेलं दैनिक तर संगणकाच्या काळातही हातानेच लिहिलं जात राहिलं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हाताने काढलेल्या हजारो जोडरूपांतून 'नूरी नस्तालीक' हा फॉन्ट उभा केला आणि लाहोरच्या 'जंग'ने तो वापरला. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचं 'इनपेज' आलं. पुढे भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडची उर्दू छपाई त्याच्यावर चालू लागली. वर्तमानपत्रं, पुस्तकं, शादीची कार्डं, मदरशांची पत्रकं, सगळं इनपेजमध्ये.

मराठीची वाट वेगळी, पण गेली त्याच गावाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, भारतीय लिप्यांसाठी तिथे मोठं काम झालं. 'श्रीलिपी', 'आकृती', 'कृतीदेव' अशा फॉन्टांनी गावोगावच्या डीटीपीवाल्यांना मराठी दिली. तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत संगणक आणि प्रिंटर घेऊन बसलेल्या त्या मुलांनी मराठी छपाई खेड्यापर्यंत आणली, हे विसरून चालणार नाही.

अडचण पडद्यामागे होती. संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कुठला क्रमांक म्हणजे कुठलं अक्षर हे सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल तरच एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं. कृतीदेवसारख्या फॉन्टने इंग्रजी 'डी'च्या क्रमांकावर 'क'चं चित्र बसवलं. म्हणजे कागदावर 'क' उमटतो, पण फाइलमध्ये 'डी'च असतो. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये 'क' आणखी कुठेतरी. जुन्या इनपेजने उर्दूसाठी स्वतःचीच क्रमवारी ठेवली. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आहे तोवर ठीक. ते गेलं की फाइल उघडते आणि समोर येते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. लिहिलेलं आहे, पण वाचता येत नाही.

सगळ्यांनी मिळून ठरवलेली क्रमवारी म्हणजे युनिकोड. ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीही होती आणि अरबी कुळातली लिपीही. पण आपल्या टेबलावर ती नीट चालू लागायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १९९० मध्ये सोलापुरात झाली. म्हणजे मराठी मुसलमान स्वतःबद्दल मराठीत जोमाने लिहू लागला, नेमकी तीच वर्षं जुन्या फॉन्टांची होती. छापून निघालं ते कागदावर तरी उरलं. छापायचं राहिलं ते फ्लॉपीत आणि सीडीत गेलं, आणि ती फ्लॉपी घालायला आज खाचही नाही.

हे एका कंपनीचं पाप नाही. त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता, आणि इनपेज नसतं तर उर्दू छपाईचं काय झालं असतं कोण जाणे. पण आज मार्ग आहे. तरीही आजसुद्धा कचेऱ्यांत, शाळांत, छापखान्यांत जुन्या फॉन्टमध्ये नवी पत्रं टाइप होताना मी बघतो. कारण विचारलं तर उत्तर एकच, हात बसलाय. तीस वर्षांपूर्वी जी नाइलाजाची गोष्ट होती ती आज निव्वळ सवयीची आहे, आणि सवयीची किंमत पुढच्या पिढीने का भरायची?

करायचं ते अवघड नाही. मराठी टाइप करायची तर युनिकोडमध्येच. इनस्क्रिप्ट कळफलक सरकारी आहे, फुकट आहे, संगणकात आधीच असतो. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसतो. जुन्या फाइली असतील तर रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. जोडाक्षरं, रफार चुकतात, पण वाचून दुरुस्त करता येतात. जुन्या इनपेजच्या फाइलींनाही असे रूपांतरक आहेत. हे काम ज्याने ती फाइल टाइप केली तो माणूस आणि तो संगणक हयात आहे तोवर करायला हवं.

युनिकोडमध्येही थोडं लक्ष लागतं

युनिकोड आलं म्हणून सगळं आपोआप झालं असंही नाही. माझ्या वर्गातलं उदाहरण देतो. एक मुलगा फोनवर उर्दू टाइप करतो आणि दुसऱ्याने पाठवलेल्या मजकुरात तोच शब्द शोधतो, तर सापडत नाही. कारण एकाने उर्दूचा कळफलक वापरला, दुसऱ्याने अरबीचा. उर्दूचा काफ आणि अरबीचा काफ यांचे क्रमांक वेगळे आहेत. शब्दाच्या मधोमध आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही, पण संगणकाला कळतो. 'ये' आणि 'हे' या अक्षरांचंही तसंच. मराठीतही हे आहे. 'ॲप'मधला 'ॲ' एकाच अक्षराने लिहिता येतो आणि 'अ'ला चंद्र जोडूनही. दिसायला एक, साठवायला दोन. म्हणून मुलाच्या फोनमध्ये अरबीऐवजी उर्दूचा कळफलक बसवून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मग येतो रोमनचा प्रश्न. आपली मुलं मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि उर्दूही. यावर भाषेच्या अस्मितेचं भाषण मी देणार नाही, कारण त्या भाषणाने आजवर एकाही मुलाचा कळफलक बदललेला नाही. मी व्यवहाराचं सांगतो. रोमनमध्ये प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. 'कसा' कुणी एका 'ए'ने लिहितो, कुणी दोनाने. दहा वर्षांनी शोधायला गेलात तर सापडणार नाही. उर्दूत तर सीन, स्वाद आणि से ही तीन अक्षरं रोमनमध्ये एकाच 'एस'मध्ये गडप होतात. मुलाला ती पुन्हा वेगळी करता येत नाहीत, आणि परीक्षेच्या वहीत मला ते दिसतं.

उलट बाजूने एक तक्रार खरी आहे. बऱ्याच फोनवर उर्दू नस्तालीकऐवजी नस्खमध्ये दिसते आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ही तर अरबी वाटते, वाचवत नाही. गूगलचा नस्तालीक फॉन्ट २०१४ मध्ये आला, आयफोनमध्ये नस्तालीक २०१७ मध्ये. म्हणजे सोय आहे, पण ती सुरू करून द्यायला घरातला कुणीतरी लागतो. आयटीत असलेल्या मुलांनी, मुलींनी ईदच्या सुट्टीत एवढं केलं तर दादीला पुन्हा वाचता येईल. घरातली तंत्रज्ञानाची निवड म्हणजे दर वेळी नवीन खरेदीच असते असं नाही. आहे त्यातलं योग्य बटण दाबणं हीसुद्धा निवडच.

समुद्रापलीकडचे आवाज

विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या किती घरांचा चुलीचा खर्च आखातातून येतो ते वेगळं सांगायला नको. पूर्वी पत्रं यायची, मग ऑडिओ कॅसेटी यायला लागल्या. कुवेतहून येणाऱ्या माणसाच्या सामानात एक कॅसेट असायची, त्यात बाप बोलायचा आणि घर बसून ऐकायचं. पुढे एसटीडी बूथ, स्काइप, आणि आता व्हॉट्सॲप. तिकडेही निवड आपल्या हातात पूर्ण नसते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून मेसेज जातो पण कॉल बंद असतो, म्हणून लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप घेतात. एका कुटुंबाचं बोलणं असं तीन-तीन ॲपमध्ये वाटलं गेलेलं असतं.

त्यातलं कुठलं कधी बंद होईल सांगता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. भारतीय भाषांचं म्हणून गाजलेलं 'कू', ज्यात मराठीही होती, जुलै २०२४ मध्ये मिटलं. स्काइप ५ मे २०२५ ला. गूगल फोटोमध्ये अमर्याद फुकट जागा होती, ती १ जून २०२१ ला संपली. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या पंधरा जीबीत मोजला जात नसे, तो २०२४ पासून मोजला जाऊ लागला. अँड्रॉइड फोन सोडून आयफोन घेतला तर व्हॉट्सॲपचं जुनं बोलणं सोबत न्यायची अधिकृत सोय २०२२ पर्यंत नव्हती. मुलाने आखातातून अम्मीसाठी महागातला आयफोन आणला आणि त्या आनंदात अब्बांच्या आवाजातले शेवटचे मेसेज जुन्या फोनमध्येच राहिले, अशी घरं मला माहीत आहेत. फोन नंतर विकला गेला.

मी आवाजाबद्दल एवढं बोलतो त्याला कारण आहे. कोकणी मुसलमानांची बोली शाळेत शिकवली जात नाही, तिला स्वतःची लिपी नाही, तिच्यात छापलेलं थोडंच आहे. आमच्या वर्गात मुलं मराठी लिहितात, उर्दू लिहितात, आणि घरी गेल्यावर नानीशी जी भाषा बोलतात ती दोन्हींपेक्षा वेगळी असते. मासळीची, वाऱ्यांची, माडाच्या अंगांची, नात्यांची नावं तिच्यात आहेत. त्या बोलीचा आज सगळ्यांत मोठा साठा कुठे असेल तर तो आपल्या व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये आहे. आपल्या खाला, फुफी, चाची लिहीत नाहीत, बटण दाबून बोलतात. त्या आवाजांवर भविष्यात एखादा अभ्यासक, नाहीतर आपलीच नात, शब्दकोश लिहील. पण ते आवाज तोवर राहिले तर.

राहू द्यायचे असतील तर उपाय आहेत. व्हॉट्सॲपमध्ये एखाद्या माणसाशी झालेलं बोलणं बाहेर काढायची, म्हणजे एक्स्पोर्टची सोय आहे. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये येतो आणि व्हॉइस मेसेज वेगवेगळ्या फाइलींत. त्या 'ओपस' नावाच्या स्वरूपात असतात. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून फुकट मिळणाऱ्या व्हीएलसीसारख्या प्लेअरवरही ऐकता येतात. मीडियासह काढताना मेसेजांच्या संख्येला मर्यादा असते, म्हणून वर्षातून एकदा तरी काढावं. फाइलला नाव द्यावं, कोण बोलतंय, कुठून, कुठल्या साली. 'ऑडिओ ००४७' कुणाला काय सांगणार?

दार आपोआप उघडत नाही

कुणी म्हणेल, कंपन्यांपुढे आपलं काय चालणार? चालतं. दोन उदाहरणं रोजच्या व्यवहारातली आहेत.

पूर्वी मोबाइल कंपनी बदलली की नंबर जायचा. नंबर जाईल म्हणून माणूस वाईट सेवेतही अडकून राहायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. कुठल्याही कंपनीने ही सोय मनाच्या मोठेपणाने दिलेली नव्हती, नियमाने द्यावी लागली.

दुसरं उदाहरण मासळी बाजारातलं. टोपलीपुढे बसलेल्या बाईकडे आज एकच क्यूआर कोड असतो आणि गिऱ्हाईक कुठल्याही ॲपवरून पैसे देतं. सुरुवातीला असं नव्हतं, काही कंपन्यांचे कोड फक्त त्यांच्याच ॲपवर चालत. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की नवा बंदिस्त कोड आणायचा नाही, आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांना चालतील अशा कोडमध्ये बदला. त्या बाईला हा आदेश माहीत नसेल, पण त्याचा फायदा ती रोज घेते. ॲप आवडलं नाही तर ती उद्या दुसरं घेईल, तिचं बँकेचं खातं आणि तिची गिऱ्हाइकं तिच्याकडेच राहतील.

आता याच्या उलट बाजू. युरोपात २०१८ पासून माणसाला स्वतःची माहिती एका सेवेतून काढून दुसरीकडे न्यायचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत असा हक्क होता. २०२३ मध्ये जो वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला त्यात तो उरला नाही. यावर किती ओरड झाली? आपल्या जमातीच्या, शिक्षक संघटनेच्या, वाचनालयाच्या एकाही सभेत हा विषय मी ऐकला नाही. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि काय मागायचं हेच माहीत नसेल तर मागणार कोण?

निदान जिथे आपण गिऱ्हाईक आहोत तिथे तरी मागू या. एका शाळेची गोष्ट मला माहीत आहे. तिथे हजेरी, निकाल, पालकांचे नंबर एका खासगी ॲपमध्ये भरले जात. तीन वर्षांनी ॲपवाल्याने धंदा गुंडाळला आणि शाळेच्या हातात पासवर्ड तेवढा उरला. शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत कागदी रजिस्टरं शोधून पुन्हा भरली. कागद होता म्हणून भरता आली.

म्हणून शाळा असो, जमात असो की पतसंस्था, काहीही घेण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा. आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या तक्त्यात उतरवून मिळेल का? त्या तक्त्यात मराठी आणि उर्दू युनिकोडमध्ये असेल का? आणि करार संपल्यावर माहिती मिळायला किती दिवस आणि किती पैसे लागतील? विकणारा उत्तर द्यायला कचरला तर तिथेच समजून घ्या. बालभारतीची मराठी आणि उर्दू पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. एकदा उतरवली की नेट असो नसो, ती मुलाची. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. असा विचार सरकारी पातळीवरही करता येतो, याला दाखला आहे.

गरिबाला हे परवडतं का?

या सगळ्यावर एक आक्षेप मला स्वतःला मोलाचा वाटतो. हप्त्यावर फोन घेणाऱ्याला, दिवसभर जाळ्यात राबणाऱ्याला हे शहाणपण सांगायचा आपल्याला काय अधिकार? त्याला फुकट आणि सोपं तेच हवं, आणि फुकट व सोपं तर मोठ्या कंपन्याच देतात. खरं आहे. मीसुद्धा गूगल वापरतो, व्हॉट्सॲपवरच पालकांशी बोलतो. हे सोडा असं मी म्हणत नाही. जिथे माणसं आहेत तिथेच आपल्याला जावं लागतं.

पण हरवण्याची किंमत गरिबालाच जास्त पडते, हेही तितकंच खरं. श्रीमंताचा डेटा गेला तर तो माणूस लावून परत काढतो. माझ्या ओळखीच्या एका मच्छीमाराने बोटीवरच्या जीपीएसमध्ये खडकांच्या आणि मासळीच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या होत्या. त्याच खुणा तो एका वहीतही लिहून ठेवतो, अंश आणि मिनिटांसकट. यंत्र खाऱ्या हवेने मेलं, त्याने नवं आणलं आणि वहीवरून खुणा भरल्या. त्याला लॉक-इन हा शब्द माहीत नाही. त्याचा खर्च चाळीस रुपयांची वही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद होते. ज्यांचे फोन नंबर, हिशेब, कागदपत्रं फक्त ऑनलाइन होती त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. ऑनलाइन ठेवणं चुकीचं नाही, फक्त ऑनलाइन ठेवणं चुकीचं. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, आणि जे सगळ्यांत मोलाचं ते कागदावर.

मुसलमानाला हे नवीन वाटायचं कारण नाही. सूरह बकरहमधली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवा, असं ती सांगते. कुरआन तर हाफिजांच्या छातीत सुरक्षित होताच. तरी यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत उमर यांच्या सल्ल्याने हजरत अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडे तो एकत्र लिहून काढायचं काम सोपवलं. एकाच जागी ठेवलेल्या गोष्टीचा भरवसा धरू नये, हे त्या पिढीला कळत होतं. अमानत सांभाळायची म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही. आपल्या वडिलांचा आवाज, जमातीची नोंदवही, मुलांचे निकाल, आपण लिहिलेल्या गोष्टी, याही अमानतीच आहेत. त्या आपल्या एकट्याच्या नाहीत.

तेव्हा पुढचा फोन घ्याल, पुढचं ॲप उतरवाल, जमातीच्या कचेरीत पुढचं सॉफ्टवेअर बसवाल, तेव्हा कॅमेरा आणि किंमत जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, हे सोडताना आमचं काय आमच्यासोबत येईल? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका, किंवा घ्या आणि त्याच दिवशी एक वही सुरू करा. आणि या शुक्रवारी नमाजानंतर घरी आलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे व्हॉइस मेसेज शोधून एका जागी काढून ठेवा. या कामाला ना पैसे लागतात, ना इंजिनिअर.